नाना तपासनीस आणि काकूंची फिल्म

आमच्या काळाचौकीच्या चाळीत नाना तपासनीस एकही वस्तू उजेडात धरल्याशिवाय घेत नसत. कपबशी असो, धोतर असो, लग्नाची पत्रिका असो, सगळं आधी खिडकीशी. मिलमध्ये ते कापड तपासायला होते. ताका उजेडावर ओढून डाग, तुटका धागा हुडकायचा आणि कोपऱ्यावर आपली खूण करायची, हे काम. संपात मिल सुटली, सवय सुटली नाही.

संशयी स्वभाव मात्र संपानंतरचा. कुणा पुढाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, महिनाभर गावाला जाऊन या, मिल सुरू झाली की कळवू. नाना मालवणकडे गेले. कुणी कळवलं नाही, आणि परतले तेव्हा कामगारांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की ते मला हळूच म्हणत, "ह्येच्या पोटात काय आसा, बघूक होया."

बऱ्याच वर्षांनी नानांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, मेंदूत गाठ निघाली. लिम्फोमा, कॅन्सरचाच एक प्रकार. इंग्रजी वाचून सांगायला शेजारचा म्हणून मी दोघांबरोबर जायचो. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावून पांढरा डाग दाखवला. गाठ खोल आहे, औषधांनी डाग किती विरघळतो ते पुढच्या फिल्ममध्ये बघू, त्यावरून पुढचा अंदाज सांगता येईल, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर नाना फणफणले, "फोटो बघून आयुष्य सांगता! डाक्टर काय कुडमुडो जोशी?" कुणी बदलू नये म्हणून त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यावर पेनानं खूणही केली. मला रागही यायचा आणि हसूही.

औषधं लागू पडली. नव्या फिल्मवर डाग नव्हता. नानांनी ती तीनदा खिडकीशी नेली आणि म्हणाले, खळ चढवलेल्या कापडावर डाग दिसत नाही, धुतल्यावर दिसतो. डॉक्टरांनीही ते कबूल केलं. डाग परतू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी फिल्म काढायची. मग काकूंकडे वळून म्हणाले, "सध्या छान आहात. महिनाभर गावाला जाऊन या."

नानांचा चेहरा उतरला. आमच्याकडे डॉक्टर 'गावाला न्या' म्हणतात ते हात टेकल्यावर. त्यात संपातला तो अनुभव. डॉक्टर काहीतरी लपवतायत, अशी त्यांची खात्रीच झाली. मी परोपरीनं समजावलं. काकूंनी विनवलं, "माका बरा वाटता हा, तोवर जावन येवया." नाना बधले नाहीत. सहा महिने काकू ठणठणीत होत्या आणि ते सहा महिने त्यांनी चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत काढले.

त्यानंतरच्या फिल्मवर डाग परतला, पहिल्याहून मोठा. डागापुरते नाना बरोबर ठरले होते. या वेळी डॉक्टर गावाचं काही बोलले नाहीत. नानांनीच खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टरसाहेब, आता नेऊ का तिला गावाला?"

"आता प्रवास झेपायचा नाही, नाना."

महिन्याभरात काकू चाळीतच गेल्या. अस्थी घेऊन नाना एकटेच गावी निघाले, ते परतलेच नाहीत. बसमध्ये चढताना माझा हात धरून म्हणाले, "डाक्टर त्या दिवशी खरा बोललो होतो रे."