ताईंच्या नावचा एक दाखला

आमच्या संस्थेतून आंतरराष्ट्रीय संबंधांवरचं एक त्रैमासिक निघतं. ते किती जण वाचतात हे न विचारलेलंच बरं. पण त्यातल्या लेखांचे दाखले जगभरच्या अभ्यासकांनी किती वेळा दिले याची मोजणी दरवर्षी होते, आणि संपादकांची मान ताठ राहणार की खाली जाणार हे त्यावर ठरतं. ही मोजणी आमच्या ग्रंथपालबाई करत; ग्रंथालयाचा सगळा कारभार त्या एकट्याच बघत. सगळे त्यांना मोजणीताई म्हणत. मी तर तोंडावर म्हणायचो.

संगणक आकडा एका दमात देतो. ताईंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. दाखला देणारा प्रत्येक लेख त्या उघडायच्या, तळटीप शोधायच्या आणि त्या माणसाने आमचा लेख खरंच वाचलाय का, ते डोळ्यांत तेल घालून बघायच्या. मी शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासत चरफडायचो, कारण त्यांचं होईपर्यंत माझा वार्षिक अहवाल अडून बसे.

ताईंनी स्वतः त्रैमासिकात एकच लेख लिहिला होता, तरुणपणी. दोन शेजारी देशांनी एका नदीचं पाणी न भांडता कसं वाटून घेतलं, त्यावर. त्या लेखापुढे दरवर्षी शून्य. नवरा गेलेला, मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी. "घरी गेले की रेडिओ लावून ठेवते," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "कोणीतरी बोलत असलेलं बरं."

यंदा मोजणी चालू असताना त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या जरा." पडद्यावर त्यांच्या लेखापुढे एक हा आकडा होता.

"चहा तुमच्याकडून!" मी ओरडलोच.

"थांबा हो, आधी बघू तरी." पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. कोणी भेटायला आल्यासारखा त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि तो लेख उघडला. तळटीप वाचली. पुन्हा वाचली. त्यातला मुद्दा ताईंचा नव्हताच. त्याच अंकात त्यांच्या लेखामागोमाग छापलेल्या लेखातला होता. लिहिणाऱ्याने घाईत भलताच लेख नोंदवला होता.

"राहू द्या ना, ताई. कोण बघतंय?"

"मी बघतेय की."

त्यांनी तो एक काढून शेजारच्या लेखाच्या खात्यात टाकला आणि त्या अभ्यासकाला चूक कळवली. मला त्यांचा रागच आला. एवढं काटेकोर राहून मिळवायचं काय माणसाने?

काही दिवसांनी त्या अभ्यासकाचं उत्तर आलं. दुरुस्ती छापली होती, आणि तिच्याखाली एक ओळ होती, चूक नजरेस आणून देणाऱ्या ग्रंथालयाचे आभार. ताईंनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली.

"याची मोजणी होत नाही ना?"

"नाही, ताई."

"माहितीये मला. सहज विचारलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बिचाऱ्याला वाटलं असेल, ग्रंथालय म्हणजे इथे बरीच माणसं असतील."