पावणीला आलेली सातवी

"पयलीं पांय दाखय."

कुणी टीचरांच्या हातात एखादा सुपरहिरो दिला की त्या पहिल्यांदा त्याला उलटा करीत. छातीवरचे चिन्ह, पिळदार दंड, मागे फडफडणारा शेला, हे सगळे नंतर. चष्मा कपाळावर सरकवायचा, खेळणे नाकाजवळ न्यायचे आणि तळव्यावर कोरलेली मुंगीएवढी अक्षरे वाचायची. कंपनी कोणती, साल कोणते, साचा कुठल्या देशातला. "तोंड कोणूय बरें करता," त्या म्हणत, "पांय लिपोवंक जायनात."

डिचोलीत आमच्या आळीत त्यांना सगळे टीचरच म्हणत. जन्म पेडण्याचा, पण सारी नोकरी इथल्या हायस्कुलात चित्रकला शिकवण्यात गेली. लग्न केले नाही. निवृत्त झाल्यावर बायका देवळात भजनाला बसतात. टीचर सुपरहिरोंची पारख करीत बसल्या. कुणाचा मुलगा दुबईहून येई, कुणाचा जावई लंडनहून, आणि येताना आणलेली ती वीतभर उंचीची प्लास्टिकची माणसे खरी की खोटी, दुर्मीळ की टाकाऊ, हे विचारायला लोक त्यांच्या बाल्कांवात येत. घराला लागून असलेल्या त्या बसक्या ओसरीत दोन्ही बाजूंना सिमेंटची बैठक होती. टीचर एका बाजूला बसत आणि आरोपी दुसऱ्या बाजूला.

माझे औषधांचे दुकान त्यांच्या समोरच. त्यामुळे हे सगळे खटले मी काउंटरवरून फुकटात पाहिलेले आहेत.

एकदा आखातातून आलेला एक गृहस्थ खोके घेऊन आला. विमानतळावर केवढे मोजले, दुकानदाराने कसे खास आतून काढून दिले, असे बरेच त्याने सांगितले. टीचरांनी ऐकून घेतले, पाय पाहिले आणि खेळणे त्याच्या मांडीवर ठेवले. "हाणें दुबय पळोवंक ना रे. हो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारांत जल्मला." गृहस्थ उठून गेला तो आमच्या आळीत पुन्हा दिसला नाही. त्याची बायको मात्र आठवड्याने येऊन टीचरांना काजूची पुडी देऊन गेली. नवऱ्याचे आणखी काय काय म्हापशाचे होते कुणास ठाऊक.

माझ्या तोंडी 'बाहुली' हा शब्द आला की त्यांना राग येई. "बावली कोणाक म्हणटा? फिगर म्हण." मी मुद्दाम बाहुलीच म्हणायचो. एकदा विचारलेही, "टीचर, ह्या वयात खेळणी? लोक काय म्हणतील?" त्यांनी माझ्या कपाटांकडे नजर फिरवली. "तूं वखदां विकता म्हूण दुयेंत आसा?" औषधे विकणारा आजारीच असायला हवा का? त्यानंतर मी वय हा विषय काढला नाही.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांचा धंदा त्यांच्या डोळ्यांत उतरतो. टीचर लग्नाला गेल्या तरी पारखच करीत. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरामुलगा मंडपात आला तेव्हा त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सांधे घट आसात. केंसांक रंग मात मागीर दिल्लो." रंग मागाहून दिलेला होता, हे आम्हाला वर्षभराने कळले. पण सांधेही घट्टच निघाले आणि संसार छान चालला आहे.

त्यांचे माझ्याकडचे गिऱ्हाईकपण विचित्र होते. औषध क्वचितच घेत. घेत ते कापसाचे बोळे, धूळ टिपायला. आणि गोळ्यांच्या बाटलीत ओल शोषायला ज्या इवल्याशा पुड्या येतात ना, त्या माझ्याकडून हक्काने मागून नेत. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते, मग खोक्यांचे पुठ्ठे कसे टिकणार? गावातल्या मधुमेहवाल्यांच्या बाटल्यांतल्या पुड्या टीचरांच्या शोकेसमध्ये पहारा देत असत.

त्या शोकेसबद्दल सांगतो. दिवाणखान्यात, देव्हाऱ्याच्या बाजूला काचेचे कपाट होते. त्यात सहा खोकी. सात जणांच्या एका टोळीतले सहा सुपरहिरो, प्रत्येक आपापल्या खोक्यात, समोरच्या पारदर्शक कागदाआड उभा. एकाही खोक्याचे सील तुटलेले नाही. ते सहाही त्यांच्या धाकट्या भावाने आणलेले. तो मालवाहू बोटीवर कामाला होता. रजेवर आला की आक्कासाठी त्या टोळीतला एक घेऊन यायचा. सातवी मात्र त्याला मिळेना. सातवी म्हणजे टोळीतली एकुलती एक बाई, चंदेरी पंखांची, हातात भाला घेतलेली. "कंपनीक दिसलें, चलयांची फिगर कोण घेतलो?" टीचर सांगत. "म्हूण दुकानांत धाडटना एका पेटयेंत एकलीच घाली." त्यामुळे ती दुर्मीळ झाली. भाऊ बंदराबंदरात तिला शोधत राहिला, आणि अशाच एका परक्या बंदरात तापाने वारला. सातवीचे खोके आले नाही, त्याच्या सामानाची पेटी आली.

त्यानंतर टीचर शोधत होत्या. इंटरनेटवर ती दोनदा सापडली. एक नकली होती. दुसरी खरी होती, पण सील फोडलेली. टीचरांनी ती नाकारली. "उगडलें काय मेलें," हे त्यांचे ब्रह्मवाक्य. मी म्हटले, "टीचर, घ्या ना. खरी आहे तर." त्या म्हणाल्या, "भावान हाडिल्लीं सगळीं बंद आसात. ही एकली उगडिल्ली कशी उबी करूं?"

आणि मग ती देवळात आली.

आमच्या देवळात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पावणी होते. देवीला वाहिलेल्या साड्या, नारळ, केळ्यांचे घड, भोपळे, सगळ्यांचा भक्तांमध्ये लिलाव. पावणीतल्या दराला बाजाराचा नियम लागू नसतो. तिथे एखादा नारळ पोत्याच्या भावात जातो आणि घेणारा तो मिरवत घरी नेतो. त्या वर्षी मी समितीवर होतो. वस्तू मांडताना साड्यांच्या चळतीखाली एक खोके मिळाले. वर हळदीकुंकवाचे बोट, आत चंदेरी पंख.

मुळगावच्या एका आजींनी ते वाहिले होते. त्यांचे यजमानही बोटीवर होते. ते वारल्यानंतर कित्येक वर्षांनी माळ्यावरची ट्रंक उघडली, तर त्यात हे. आजींना विचारले तर त्या ठाम होत्या. "पाखां आसात, हातांत हत्यार आसा, तोंडार तेज आसा. भायल्या देशांतली देवी न्हय जाल्यार कोण?" देवीची वस्तू देवीला पोचवली म्हणून त्या समाधानी होत्या. आणि देवीला दिलेली वस्तू परत नेत नाहीत. ती पावणीलाच जाणार.

बोली कुठून सुरू करायची हे कुणाला कळेना. अध्यक्ष म्हणाले, "टीचरांना बोलवा." मीच धावत गेलो.

टीचर आल्या. खोके पाहिले आणि मांडवात उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. त्यांनी खोक्याच्या कडा पाहिल्या, झाकणाचा डिंक पाहिला, मागची छपाई पाहिली.

"तीच?" मी विचारले.

त्यांनी होकाराची मान हलवली.

मी वाकून हळूच म्हटले, "टीचर, साधें खेळणें म्हूण सांगात आनी घेवन वचात. हांगा कोणाक कळटा?" देवीसमोर हे बोलायला मला काही वाटले नाही. देवीनेही समजून घेतले असते, अशी माझी समजूत आहे.

टीचरांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी म्हापशाच्या बाजारात जन्मलो होतो. "फट सांगून हाडली जाल्यार ती म्हज्या भावाच्या फिगरां सांगाता कशी रावतली?"

त्यांनी मायक्रोफोन हातात घेतला. वर्गात बोलत तशा खणखणीत मराठीत त्या बोलल्या. "मंडळी, ही देवी नव्हे. ही अ‍ॅक्शन फिगर आहे, अस्सल आहे आणि हिचे सील शाबूत आहे. खोक्याला कुंकू लागल्यामुळे किंमत थोडी उतरली. तरीही बाहेर हिला एका नव्या स्कूटरचा दर येईल. आता बोला."

मुळगावच्या आजींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. देवी नव्हे हे त्यांनी बहुधा ऐकलेच नाही.

पहिली बोली टीचरांचीच. दुसरी आली मागच्या खांबाजवळून. तिथे त्यांचाच एक जुना विद्यार्थी उभा होता. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचे ट्रक पळत, आता तो माती उपसायची यंत्रे भाड्याने देतो. टीचर बोलल्या की तो वर जाई. पुन्हा टीचर, पुन्हा तो. लोक माना इकडून तिकडे वळवत होते. मला त्याचा संताप आला. ह्याला कशाला हवी ती? ह्याच्या घरी शोकेसही नाही. टीचर एकेक बोली देताना पदर मुठीत घट्ट धरत होत्या, आणि एका बोलीला त्यांनी मुठीतला पदर सोडून दिला. पुजाऱ्याने तीनदा विचारले. टीचर जमिनीकडे पाहत राहिल्या. घंटा वाजली आणि सातवी त्याची झाली.

तो पुढे आला. पुजाऱ्याच्या हातून त्याने खोके घेतले, कपाळाला लावले आणि अंगठ्याच्या नखाने सील टरकावले.

"अरे!" टीचर एवढ्या जोराने ओरडल्या की मांडवाबाहेरची कुत्री उठली.

तोवर त्याने पुठ्ठा फाडून, आतल्या तारा सोडवून पंखवाली बाहेर काढली होती. तिच्या पायांशी त्याने एक फूल ठेवले आणि ओंजळीत धरून ती टीचरांपुढे नेली. "घेयात टीचर. परसाद."

मी खेकसलो, "मेल्या, उघडलीस कशाला? आणि द्यायचीच होती तर चढवत कशाला होतास?"

तो खरोखर गोंधळला. "परसाद बंद खोक्यांत कसो दिवप? नारळ फोडूनच दितात न्हय? आनी आपलो परसाद आपणेंच विकतो घेतलो जाल्यार तो बाजार जालो. कोणाच्या तरी हातांतल्यान येवंक जाय." मग थोडा वरमून म्हणाला, "टीचरीन माका ब्रश धरूंक शिकयलें. तिचे पयशे कशे वचूंक दिवूं?"

आता ह्याला काय म्हणावे? आम्ही सगळे टीचरांकडे पाहत होतो. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पंखवाली घेतली, पदराखाली धरली आणि त्या घरी गेल्या. त्या दिवशी त्यांचे दार पुन्हा उघडले नाही. मी दुकानातून सारखा तिकडे पाहत होतो. मला भीती वाटत होती, खरेच सांगतो.

टीचर आता नाहीत. आजार लांबला नाही, आणि शेवटपर्यंत डॉक्टरांच्या हाताची पारख त्या मला सांगत राहिल्या. लोक अजून खोकी घेऊन येतात, बंद बाल्कांव पाहून माझ्याकडे वळतात, आणि मी त्यांना मला काही कळत नाही असे सांगतो. ते खरेच आहे.

पण मला त्या आठवतात त्या पावणीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी. दुकान उघडतो आहे तोच हाक आली. "कातर घेवन यो."

गेलो तर सहा खोकी बाल्कांवात ओळीने मांडलेली. त्यांनी माझ्या हातची कात्री घेतली आणि पहिले सील कापले. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी कापायचे थांबवले नाही. एकेकाला बाहेर काढून, हात सरळ करून, त्या उन्हात उभा करीत होत्या. बोलत होत्या ते माझ्याशी की आणखी कुणाशी, कळत नव्हते.

"दर खेपे म्हणटालो, आक्का, उगड गे, खेळ तांचेकडेन. ल्हानपणार आमच्या घरांत कितें आशिल्लें? कांयच ना. हांव म्हणटालीं, सात जावंदी रे, मागीर उगडूंया."

सहाव्याचे सील कापताना त्यांना रडू आले. चांगले मोकळेपणाने रडल्या आणि पदराने तोंड पुसले. मग पंखवालीला आणून मधोमध उभी केली.

तेवढ्यात पोदेर आला. सायकल टेकवून तो पावाची टोपली सोडायचे विसरला. ती सात जणांची फौज तो पहिल्यांदाच पाहत होता. "टीचर," त्याने विचारले, "हांचो सगळ्यांचो मेळून कितलो दर येतलो?"

"तूं पाव दी आनी वच," टीचर म्हणाल्या. "घरच्या मनशांचो दर कोण सांगता?"

पोदेर हसला, पाव देऊन उताराला लागला. टीचर त्या सातांच्या शेजारी पाय सोडून बसल्या आणि चहात पाव बुडवून खाऊ लागल्या.