पायाळूचा पाय

दिवाळीत लोकांच्या ओसरीवर फराळाचे डबे जमतात, आमच्या ओसरीवर वाकलेली माणसं जमतात. माणूस सरळ होऊन घरी जातो, त्याचा किस्सा तेवढा इथंच राहतो. असे किती साचले!

माझी बायको सगुणा पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. कमरेत चमक भरली की पायाळूचा पाय लावून घ्यावा, असं आमच्याकडे मानतात. त्यात आमची दिवाळी आणि धानकापणी एकाच वेळी येतात. मग काय!

*

समोरचा डोमाजी दिवसभर धानाचे भारे वाहून ठणठणीत घरी आला. खाटेखालचा चिवड्याचा डबा ओढायला गेला आणि तसाच अडकला.

सगुणानं विचारलं, "भारा बसून उचलते, मंग डब्ब्याले काहून वाकला?"

"डब्बा हलका होता ना, काकू."

"कमरीले वजन नाही समजत, बापू. वाकणंच समजते."

*

एका मास्तरांनी रंगरंगोटीसाठी लोखंडी कपाट एकट्यानं सरकवलं. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून कसेबसे आले. एवढं मोठं कपाट, एखाद्याला आवाज द्यायचा होता, असं सगुणा म्हणाली.

त्यांना धरून उभा असलेला शेजारीच बोलला, "आवाज कसे देतीन? आमची बोलचाल बंद आहे ना."

*

माझा पुतण्या पुण्याहून जडशीळ सुटकेस घेऊन आला. बसमधून खाली घेताना अंगाला पीळ बसला आणि कंबर धरली. यामागं काही सायन्स नाही, असं तो सांगत होता. सगुणानं त्याला चटईवर गुडघे दुमडून निजवलं आणि ती भाजी चिरायला गेली. तिचं नेहमी असंच; पाय लावायची तिला कधी घाई नसते. पोरगा झोपून उठला, बराचसा मोकळा झाला होता.

"बघा काकू, नुसत्या आरामानं झालं!"

"मंग? पाय लावाच्या आधी निजवाच लागते," ती म्हणाली.

*

आणि या दिवाळीत तिचीच कंबर धरली. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी खराटा उचलायला वाकली, ती वर येईचना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भिण्यासारखं काही नाही, चार दिवसांत उतरेल म्हणाले. पण तिचा भाऊ उद्याच दिघोरीहून येणार होता. मोठ्या दुखण्यातून उठलेला. त्याला यंदा उभं राहून ओवाळायचं, एवढंच तिच्या मनात.

पायाळू शोधायला माणसं फिरली. कोणी सापडेना. आता सारी बाळंतपणं दवाखान्यात, अडलं की ऑपरेशन. पायाळू होणार कुठून?

तेवढ्यात डोमाजीची सून लेकीला कडेवर घेऊन आली. पोरगी नुकती मान धरायला लागलेली.

डोमाजी म्हणाला, "हिले त पोट चिरून काढली. ना डोक्याकडून, ना पायाकडून."

सून म्हणाली, "पाय खाली होते, म्हणूनच चिरलं ना, मामाजी."

ओसरीवर बराच वाद झाला. मी सगुणाकडे पाहिलं. ती कुशीवर पडल्या पडल्या म्हणाली, "म्हणजे पोरीनं आपली तयारी केलीच होती. डाक्टरीणबाईनं घाई केली, त तिचा काय दोष?"

सुनेनं पोरीचा पाय तिच्या कमरेला टेकवला. पोरीनं आपणहून आणखी दोन लाथा दिल्या. सगुणा बराच वेळ डोळे मिटून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती भिंत धरून उठली. हळूहळू भावापुढे आली आणि उभ्यानं ओवाळलं. बस आता, बाई, असं भाऊ दोनदा म्हणाला. ती बसली नाही.

संध्याकाळी मंडईच्या जत्रेला आलेला कोणाचा तरी पाहुणा कंबर धरून ओसरीशी उभा राहिला. पायाळूचं घर हेच काय, असं त्यानं विचारलं.

सगुणानं समोरच्या दाराकडे बोट केलं.

"तिकडं जा, बापू. पण जरासं थांबा लागन. दूध पिऊन राहिली असन."