भांगात लावलेली गाडी

तर बैलांनी काय केलं, तिथवर काल आलो होतो. बैलांनी काही म्हणजे काहीच केलं नाही! शिवदासची ती जोडी, बांध उखडायला सांगा, उखडून देईल. पण मोटारीला जुंपल्यावर मोटार हातभर सरकली आणि मागचं डावं चाक आसापर्यंत वाळूत गेलं. चाक फिरतच नव्हतं ना! शिवदासने दोर सोडला अन् म्हणाला, "ही मोटार न्हाय, बसलेला रेडा हाय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. साल सत्तावन्न, पौष महिना, श्रीवर्धनच्या अलीकडची कोळवाडी. चांगदेव नावाचा घाटावरचा ड्रायव्हर हरिहरेश्वरला मंडळी सोडून रिकामी गाडी घेऊन परतत होता. वाटेत खाडी ओलांडताना खारं पाणी चाकांत शिरलं. वाडीपाशी पोचतो तो हिवतापाने दात वाजायला लागले. कृष्णाबाईच्या ओटीवर पडण्याआधी त्याने विचारलं, "मावशी, गाडी वाळूवर लावू का?"

"लाव की. भांगाचं पाणी हाय, हितवर येत न्हाय."

त्याला वाटलं, बाई भांगेचं काहीतरी बोलते आहे. तेवढ्या तापातही हसला, हँडब्रेक कचकचून ओढला आणि सात दिवस आडवा झाला.

आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की भांग म्हणजे अष्टमीची मरगळलेली भरती, आणि अमावस्येला येतं ते उधाण. पण घाटावरच्याला ते कसं कळावं? चतुर्दशीला फेसाची रेघ चाकांपासून दहा हातांवर थांबली, तेव्हा चांगदेव धडपडत उठला. तेव्हाच ते बैल. दुसऱ्या दिवशी अमावस्या, दुपारी बाराला पाणी भरणार. मालकाने पाच वर्षं गाड्या धुवून घेऊन मग कुठे त्याच्या हाती चावी दिली होती. गाडी खाऱ्या पाण्यात बसली की ती चावी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अमावस्येच्या सकाळी नवाच्या सुमाराला हिरामणला बोलावणं गेलं.

हिरामण अकरा वर्षं रेवसच्या एका लाँचवर इंजिनाला तेल घालत होता. पण एके दिवशी पंपाचं गंजलेलं झाकण निघेना. लाँचचा तांडेल, म्हणजे कप्तान, ओरडला, हिरामणने घाईत घण घातला. झाकण बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं; बीड वाकत नाही, फुटतं. दोन तुकडे झाले आणि लाँच उतारूंसकट दीड तास पाण्यावर लोंबकळली. नोकरी गेली, घरी आला, आणि त्याच्या आधी त्याचं नाव वाडीत येऊन बसलं होतं: बीडफोड्या! तेव्हापासून तो रहाट, बत्त्या, शिलाईची यंत्रं नीट करायचा, पण घणाला हात लावत नसे.

त्याने फळीवर जॅक ठेवून गाडी उचलली, चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम पाहिला. ड्रम बिडाचा. त्याला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे जोडे गंजून असे चिकटलेले, जणू एकाच ओतकामातले.

"हँडब्रेक सोडलास का?"

"कवाच सोडलाय, हिरामणदादा!"

"तू सोडलास. त्यानं कुठं सोडलंय?" हिरामण गाडीखाली सरपटला. वरचा दांडा खाली होता खरा, पण तार तिच्या नळीतच गंजून अडकलेली, जोडे तसेच ताणलेले. त्याने तारेचं टोक पान्याने सोडवलं, ड्रममागच्या फटीतून पेचकस घालून जोडे आवळणारी दातेरी चकती एकेक दात मागे घेतली. ड्रमच्या मधल्या भोकाभोवती होडीला लावायचं मुशी माशाचं तेल सोडलं. मग मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन कडेने ठोकत गोल फिरला. ठक. ठक. ठक. भिजल्या मडक्यासारखा आवाज.

अकरा वाजले. पहिली लाट फळीला शिवून गेली.

"अरे, घाल घण एकदाचा!" शिवदास खांद्यावरून घण उतरवत म्हणाला. "हे काय देवळात टाळ कुटतोस? का घणाला भितोस, बीडफोड्या?"

हिरामण मोगरी मारत राहिला. पुढची लाट आली, फळीखालची वाळू सरकली, जॅक बोटभर कलला. चांगदेव घायकुतीला येऊन म्हणाला, "दादा, फुटला तर फुटला, पण काढा!" हिरामणचा हात घणावर गेला. दांड्याला हात लागला आणि कानात पंपाचं झाकण फुटल्याचा तो आवाज आला. हात मागे आला.

"मावशी," तो ओरडला, "जाळी उकळायचा तुमचा हंडा तापलेला हाय?"

"साल घालून उकळतंय की कवाचं!"

"आणा तसंच. बीड तापलं की फुगतं."

कृष्णाबाई आणि तिची सून हंडा बांबूला टांगून घेऊन धावल्या. जाळी कुजू नयेत म्हणून झाडाची साल घालून उकळलेलं ते लालभडक पाणी ड्रमवर ओतलं, वाफेने माणसं दिसेनाशी झाली. शिवदासने तोवर घण टाकून चार धोंडे फळीखाली ठासले, आणि तोंडाने शिव्या चालूच.

"आता वढतो!" चांगदेवने फडक्याने ड्रम धरला.

"वढू नको!" हिरामण खेकसला. "खडकात नांगर अडकला तर वढतोस व्हय? वढला की जास्त चावतो. आधी दोराला ढील, मग होडी उलट बाजूला न्यायची." आणि त्याने त्याच फडक्यावरून दोन्ही तळव्यांनी ड्रम आत दाबला. आत! गाडीच्या अंगाला! बघे कपाळाला हात लावून हसले. दाबला, मोगरी मारली, बाजू बदलून पुन्हा दाबला. घोट्यांपर्यंत पाणी, जॅक करकरतोय, आणि ठक, ठक, ठक...

टण्ण!

देवळातली घंटा असावी तसा, मोकळ्या झालेल्या बिडाचा आवाज. भेग पडलेलं बीड कधी वाजत नाही, हे हिरामणइतकं कोणाला ठाऊक? त्याने डोळे मिटले, दोन बोटांनी ड्रम ओढला आणि तो पिकल्या फणसातल्या गऱ्यासारखा हातात आला. अख्खा.

पुढचं सगळं पळापळीत. गंज खरवडला, ड्रम बसवला, चाक चढवलं. चांगदेवने दांडा फिरवून इंजिन पेटवलं, पुढून बैल, मागून सगळी वाडी. गाडी माडांपाशी चढली तेव्हा जॅकची फळी दर्यावर तरंगत निघाली होती.

शिवदास घाम पुसत म्हणाला, "च्यायला, आता तुला हाक काय मारायची?"

चांगदेव मात्र हात जोडून उभा. "हिरामणदादा, पुन्हा असं व्हायला नको. तुमच्या त्या भांगाच्या नि उधाणाच्या तिथी मला पाठ करून द्या."

हिरामणने पेचकस धोतराला पुसला आणि म्हणाला, "तिथी तुला जमायच्या न्हाईत, डायवर. तू गाडी लावलीस की ब्रेक वढू नको, चाकाखाली धोंडा लाव. धोंडा गंजत न्हाय."