ईराचे वाळे

आमचा विलासअण्णा गेला. काल दिवस घातले. लोक म्हणतात हार्ट अटॅक. असंल. पण अण्णा खचला तो चार महिन्यामागंच.

अण्णा विट्याकडचा. तीस वर्षं बेंगळूरात, नगरथपेठेत गलाईचं दुकान. जुनी चांदी मुशीत वितळवायची, शुद्ध करून द्यायची. कमी पडली तर हरीशेठ व्यापाऱ्याकडनं बाहेरदेशातली चांदीची वीट घ्यायची. शब्द दिला म्हणजे दिला, म्हणून कानडी कारागीरसुद्धा त्यालाच धरून.

औंदा बसवंत कारागिरानं देवळाच्या प्रभावळीचं काम घेतलं. अण्णा म्हणला, चांदी माझ्याकडनं. आणि नेमका तेव्हाच नियम बदलला.

"बाहेरनं चांदी आता परवानावाल्यानंच आणायची," हरीशेठ म्हणला. "मला कोण परवाना देतंय? वीट काय परड्यात पिकवू?"

अण्णा सगळी पेठ फिरला. जिथं तिथं तेच. जुन्या दागिन्यांची मोड गोळा केली तरी पाव किलो कमी. बसवंत दारात उभा. "सरी अण्णा, ठीक हाय, होत नसलं तर सांगा, दुसरीकडं बघतो."

ते अण्णाला लागलं. तसाच घरी आला. कल्पनावहिनी बाजारात गेलेली. फोन लावला, "देव्हाऱ्यातलं तबक नेऊ का? नवी चांदी आली की घडवून देतो."

"न्या की. देवाचं देवाला," वहिनी हसली.

तबकात करंडा होता. अण्णानं तोपण उचलला.

आता वडलांनी शिकवलेलं असं, की घरची चांदी मुशीत टाकताना बघायची नाही, हात मागं येतो. तोंड फिरवून टाकायची. गिऱ्हाइकाचा दागिना दहादा उलटापालटा करणारा माणूस, पण घरचा करंडा झाकण न उघडता सोडला. कापूस जळाल्यासारखा वास आला. त्याला वाटलं, असंल काहीतरी पूजेचं. लगड दुपारीच बसवंतला पोचती केली.

दिवेलागणीला वहिनी म्हणली, "करंडा कुठाय?"

"तबकाबरोबर गेला. दुसरा करू गं, मोठा."

"त्यात ईराचे वाळे होते."

ईरा त्यांची पोरगी. आठ महिन्याची होऊन गेली, त्याला बावीस वर्षं झाली. फोटो एकपण नाही. वाळ्याची एक घुंगरी तिनं चावून चेपवलेली, तेवढंच मागं राहिलेलं.

अण्णा अनवाणी बसवंतकडं पळाला. तिथं पत्रा ठोकून झालेला. "त्यातलं स्वल्प दे रे. माझ्या पोरीचं हाय."

"कुठलं देऊ अण्णा? तुम्हीच सांगा, कुठनं कापू?"

अण्णानं पत्र्यावर हात फिरवला, या कडंपासनं त्या कडंपर्यंत. मग पायरीवर बसून रडला.

वहिनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, बोलणं कामापुरतं. प्रभावळ देवळात बसली तसा अण्णा रोज जायचा. भटजी तीर्थ द्यायला आले तरी याचा हात पुढं नाही, नजर प्रभावळीवर. एकदा वहिनीला म्हणला, "चल की, बघ तरी."

"मला काय दिसणाराय तिथं?"

परत त्यानं कधी बोलवलं नाही.

काल पाव्हणे गेल्यावर वहिनी भिंतीला टेकून बसली. म्हणली, "देवळातनं आले की माझ्या तोंडाकडं बघायचे. काय ऐकायचं होतं ते कळत होतं मला. 'जाऊ द्या हो, तुम्ही मुद्दाम केलं नाही,' एवढंच. जिभेवर यायचं. उद्या म्हणू, उद्या म्हणू, करत राहूनच गेलं."