तारखेची रिकामी जागा

पांढरकवड्याच्या जिनिंग फॅक्टरीत मी टायपिस्ट होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं माझं इंग्रजी मॅनेजरांना आवडे, आणि माझं कमी बोलणं त्याहून जास्त.

त्या हंगामात रुईच्या ढिगाला आग लागली. ठपका आला यंत्रांना तेल घालणाऱ्या कामगारावर, कामावर बिडी ओढली म्हणून. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्याने बिडी सोडली होती, हे सगळ्या जिनाला ठाऊक होतं. चौकशी मंगळवारी ठरली. सोमवारीच मॅनेजरांनी मला दोन कागद टाइप करायला दिले, त्याची कबुली आणि बडतर्फीचं पत्र. दोन्ही इंग्रजीत. तारखेची जागा रिकामी ठेवा, म्हणाले. मी ठेवली.

मंगळवारची चौकशी टेबलावरचा चहा निवायच्या आत संपली. बिडीबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही, फक्त कबुलीवर अंगठा घेतला. मग मी ते कागद पुन्हा मशीनवर चढवून तारीख घातली. एकदा काढलेला कागद परत तंतोतंत बसत नाही. पत्रावरची तारीख ओळीच्या जराशी वर राहिली. मला ते दिसलं, तरी मी पत्र तसंच सहीला पाठवलं.

आठवड्याने तो आमच्या घरी आला. आईने आत बोलावलं तरी पायरीवरच थांबला. पत्रासोबत मिळालेली कबुलीची नक्कल त्याने पुढे धरली.

"बाई, मी याच्यात काय म्हनलो, थे वाचून सांगता का?"

मी मराठी करत वाचत गेले. बिडी मीच पेटवली, चूक कबूल आहे, शिक्षा मान्य आहे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग मले बोलावलं कायले?"

कागद सोमवारीच तयार होते, हे न सांगता मी नक्कल घडी करून त्याच्या हातात ठेवली.

त्याने कामगार खात्याकडे अर्ज केला. पत्राच्या कोपऱ्यात टायपिस्ट म्हणून माझी आद्याक्षरं होती, त्यामुळे साक्षीला मलाही यवतमाळला बोलावलं. आठवत नाही म्हणा, म्हणजे झालं, असं मॅनेजरांनी सांगून ठेवलं. त्यांच्या जीपमध्ये जागा होती, पण मी बसने गेले.

अधिकाऱ्यांनी पत्र पुढे सरकवून विचारलं, हे टाइप कधी केलं. भीती वाटली की मला इंग्रजीच सुचतं. 'आठवत नाही'चं इंग्रजी वाक्य ओठांवर आलंही होतं. पण समोर तो बसला होता. त्याच्याविषयी काय बोललं गेलं, हे त्याला पुन्हा दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं.

"चौकशीच्या आदल्या दिवशी," मी मराठीत म्हणाले. "तारीख नंतर घातली. ती ओळीत बसलेली नाही, बघा."

अधिकाऱ्यांनी तारखेच्या ओळीखाली पट्टी धरली. मॅनेजर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याला कामावर परत घ्यायचा हुकूम झाला. पुढच्या हंगामात मला बोलावणं आलं नाही. आता मी एका शाळेत शिकवते.

परवा बाजारात तो भेटला, हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. सुनावणीत त्याचा जबाब मराठीत लिहिला होता आणि अंगठ्याआधी वाचून दाखवला होता, ते सांगत राहिला.

"मी बोललो तसंच लिवलं, बाई. एक शबद नाही बदलवला."