दाणे वेचलेले पोहे

वरचे शेंगदाणे वेचून मी खाल्ले, त्याच हाताने पोह्यांवर लिंबू पिळलं आणि बशी काट्यावरच्या भाऊंपुढे सरकवली.

आमच्या कळंबच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलणाऱ्या या गृहस्थाला शेंगदाणा चालत नाही. परका घास ते आधी ओठाला लावतात, "थांबू, पाहू, मंग खाऊ" म्हणत एखादी गाडी तोलतात. ओठ चुरचुरला नाही, तरच खातात.

"एकही दाणा ठेवला नाही, खा बिनधास्त," मी म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी ओठ वगळून सरळ घास घेतला.

गळा सुजला, श्वास अडकू लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ते हळूहळू बोलते झाले.

मी पुटपुटलो, "भाऊ, दाणा तर नव्हताच."

"मराले मले दाना लागत नाही, सर. तुमचं बोट पुरते."